काच साधीच आहे

८ जानेवारी

मामा,

नमस्कार. दुकानाचा फोन तुम्ही उचलत नाही हे मला सात वर्षांत कळून चुकलंय, आणि मोबाइल तर तुम्ही घरातच येऊ देत नाही. तेव्हा पत्र. अक्षर लागलं नाही तर डॉक्टरचं आहे म्हणून सोडून द्या. जनावरांची असले तरी डॉक्टरच आहे मी.

घर घेतलं. तळमजला, चार खोल्या, मधून लांब बोळ, आणि छत इतकं उंच की वायरमनला शिडी बदलून आणावी लागली. आधीच्या लोकांनी खोलीखोलीत पांढऱ्या ट्यूबलाइट ठोकून ठेवल्यात. दिवसभर मी तसल्याच उजेडात कुत्र्या-मांजरांचे कान आणि दात बघते. घरी येऊन दिवा लावला की वाटतं, आता इथे कुणाला टाके घालायचेत? मला जुने फ्रेंच कंदील हवेत. एका मासिकात फोटो पाहिला, पितळी चौकट, चहूबाजूंनी काचा, आत मंद पिवळा उजेड, आणि तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे. बाजारात दोन दुकानं पालथी घातली. सगळं चकचकीत, आणि दुकानदार म्हणतो सगळंच शंभर वर्षांपूर्वीचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुमची चाळीस वर्षं जुने दिवे घासण्यात गेली. तुम्हीच सांगा काय घेऊ.

आता खरं कारण. बाबांना इकडे आणलंय. गेल्या वर्षी ते तापाने दोन दिवस एकटे पडून होते आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाला पत्ता नव्हता. त्यांनी अट घातलीय: एप्रिल संपेपर्यंत राहून बघतो, नाही जमलं तर माझ्या घरी परत. घराची किल्ली शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात. मला हे घर असं करायचंय की त्यांचा इथून पाय निघू नये. ते परत तिकडे एकटे राहायला गेले तर मला रोज झोप लागणार नाही.

दिवे तुमच्याकडचे आहेत हे त्यांना सांगणार नाही. तुमचं नाव निघालं की ते अजूनही पानावरून उठतात. वाईट वाटून घेऊ नका.

तुमची,
खारूताई


१५ जानेवारी

खारूताई,

तुला हे नाव मीच ठेवलं होतं, मिळेल ती मोडकी वस्तू उचलून घरात आणायचीस म्हणून. आता ती सवय कामाला येईल.

आधी परीक्षा शिकून घे. कंदील उलटा करून त्याच्या छपराच्या आत बोट फिरव. खराखुरा जुना असेल तर कुठल्यातरी सांदीत मेणबत्तीची काजळी सापडतेच, कितीही धुतला तरी. बाहेरून आरशासारखा चमकणारा पितळी कंदील घेऊ नकोस. काचेतून समोरच्या खिडकीकडे बघ आणि डोकं किंचित हलव. खिडकीची कड पाण्यातल्यासारखी थरथरली तर काच हाताने ओढलेली आहे. सरळ राहिली तर ती काच गेल्या आठवड्यातली आहे, दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पड.

पण हे सगळं नंतरचं. माझ्या दुकानाचा नियम तुला माहीत नाही. मी घरासाठी दिवा देत नाही, त्याच्याखाली बसणाऱ्या माणसासाठी देतो. दिवा पंधरा दिवस टांगायचा आणि मला लेखी कळवायचं: दिवा लावल्यावर कोण कुठे सरकलं, कुणी खुर्ची फिरवली, कोण उठून गेलं. ते वाचून मी ठरवतो दिवा राहणार की परत येणार. गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत. तू भाची आहेस म्हणून सूट नाही.

बैठकीच्या खोलीसाठी एक कंदील पाठवतोय. सहा काचांचा, पितळी, कुठल्यातरी फ्रेंच घराच्या जिन्यात लटकत होता. काच जुनी आणि अगदी साधी, रंगाचा लवलेश नाही. आत पंधरा वॅटचाच बल्ब लाव, जास्त लावलास तर तो कंदील न वाटता दुकानाची पाटी वाटेल.

दाजींना माझं नाव सांगू नकोस हे ठीकच. तुझी आई गेली तेव्हा ते मला जे बोलले त्याचा मला राग नाही. त्यांच्या बाजूने ते खरंच होतं. ते तुझ्याकडे राहावेत असं मलाही फार वाटतं.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

खोकं नीट पोचलं. एकही काच तडकली नाही. वायरमनने कंदील टांगला, मी सगळ्या ट्यूबलाइट बंद केल्या आणि बटण दाबलं. मामा, मी दहा मिनिटं नुसती खुर्चीत बसून राहिले. भिंतीवर सहा मऊ पट्टे पडतात. ही खोली माझी आहे असं पहिल्यांदा वाटलं. तुमचे मनापासून आभार.

आता तुमचा अहवाल. मी कुठे सरकले? कुठेच नाही, मला उठवतच नाही. बाबांचं विचाराल तर ते पहिल्या दिवशी खुर्चीत बसले, वर बघितलं, खाली बघितलं, आणि अर्ध्या तासाने आपल्या खोलीत गेले. आता रोज तेच. मी सहा-साडेसहाला येते तेव्हा ते पलंगावर अंधारात डोळे मिटून पडलेले असतात. विचारलं तर म्हणतात, "डोकं जरा जड आहे, तू बस तुझ्या कंदिलाखाली." रुसवा आहे, दुसरं काय. नवीन घर त्यांना पचत नाहीये. बोळातून जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेतात आणि मलाच सुनावतात, "माझ्या घरी मी असा कुठे धडपडत नाही." पेला ठेवताना आधी टेबलाची कड चाचपतात, जणू टेबल पळून जाणार आहे.

एक चांगली गोष्ट आहे. तुम्हाला आठवत असेल, छापखान्यातून निवृत्त झाल्यावरही बाबा रोजच्या पेपरातल्या चुकांवर लाल पेन्सिलने खुणा करायचे. प्रुफं तपासायची सवय हाडात मुरलेली. आता पेन्सिल तशीच पडून असते. पेपर समोर धरतात, घडी घालतात, झालं. वयाने माणूस मवाळ होतो म्हणतात, तसं असावं.

जेवणाच्या टेबलावर काय लावू?

खारूताई


९ फेब्रुवारी

खारूताई,

टेबलासाठी वर-खाली ओढता येणारा दिवा पाठवतोय. दुधी काचेची टोपी, आणि दिव्याचा भार तोलायला चिनी मातीचं एक गुबगुबीत वजन, त्यात बारीक लोखंडी छर्रे भरलेले. वजन हलवून बघू नकोस, झाकण सैल आहे. मागच्या गिऱ्हाइकाच्या जेवणात छर्रे पडले होते. हा दिवा पेपरावर खाली ओढून घेता येतो. दाजींना दाखव.

तुझ्या अहवालाबद्दल माझी तक्रार आहे. त्यात तुझी मतंच जास्त. रुसवा, मवाळपणा, नवीन घर पचत नाही. मला मत नको, त्यांचे शब्द हवेत. पुढच्या वेळी ते कंदिलाबद्दल जे बोलतील ते जसंच्या तसं लिही, मग ते मला शिव्या घालणारं असलं तरी.

आणि ती पेन्सिल मला पटत नाही. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत दोन चुका काढून ती छापखान्यात परत पाठवली आणि ताईला चार दिवस घोर लावला, तो माणूस मवाळ होणार नाही. खांदा ते नेहमी एकाच बाजूचा आपटतात का तेही बघ. बोळात काही मंद-बिंद लावू नकोस, तिथली ट्यूबलाइट चालू राहू दे. बोळ दिसायला नाही, चालायला असतो.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

तुम्हाला शब्द हवेत ना, घ्या.

परवा संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून कंदिलाखाली आणून बसवलं. म्हटलं, रोज खोलीत कोंडून घेता, आज माझ्यासाठी बसा. त्यांनी डोळे बारीक करून वर बघितलं. मग म्हणाले, "हे रंग कशाला आणलेस?"

"कसले रंग?"

"दिव्याभोवती. बाहेरून तांबडा, आतून निळा. इंद्रधनुष्य टांगलंयस घरात. साधा दिवा मिळत नव्हता?"

मी म्हटलं, "बाबा, काच साधीच आहे."

"मग मी खोटं बोलतोय का?"

त्यावरून आमची जुंपली. मी नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला इथलं काहीच आवडायचं नाही असं ठरवूनच आला आहात. ते म्हणाले, "माझ्या घरी मला सगळं माहीत आहे. एप्रिलपर्यंत कशाला, मार्चअखेरच जातो." डाव्या भुवईवर हात दाबून उठले. ठणकतंय म्हणाले, थोडं मळमळतंयही. मी गोळी दिली, झोपले, सकाळी ठणक गेली होती. पण बॅग मात्र कपाटावरून खाली आलीय.

मला वाटतं त्यांना कळलंय, मामा. दिवा तुमच्याकडचा आहे हे त्यांनी ओळखलंय आणि म्हणून हे खुसपट काढलंय. नाहीतर बिनरंगी काचेत रंग कुठून दिसणार? टेबलावरच्या दिव्यालाही त्यांनी नावं ठेवली, त्याभोवतीही रंग आहेत म्हणे.

आणि हो, खांदा डावाच. दर वेळी. तुम्ही विचारलंत म्हणून बघितलं.

मी थकले हो. त्यांनी राहावं म्हणून हे सगळं केलं आणि त्यानेच ते चाललेत. तुमच्याकडे त्या मापाची नवी, कारखान्यातली सपाट काच असेल तर कंदिलाच्या काचा बदलून द्याल का? निदान त्यांना बोट दाखवायला जागा राहणार नाही.

खारूताई


२ मार्च

खारूताई,

हे पत्र हातात घेऊन शेजारचा कुलूपवाला आत्ता तुझ्या दवाखान्यात फोन करतोय. पोस्टाने पोचायची वाट बघण्यात अर्थ नाही. मी स्वतः फोन का करत नाही ते खाली लिहितो, ते तो वाचणार नाही, त्याला फक्त पहिला परिच्छेद वाचायला सांगितलाय. दाजींना आज, आत्ता, डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. काचेत काही नाही. रंग त्यांच्या डोळ्यात आहेत. दिव्याभोवती रंगीत कडं, भुवईचा ठणका, मळमळ, एकाच बाजूला आपटणं, हे सगळं डॉक्टरला याच शब्दांत सांग. उद्यावर टाकू नकोस.

आता तुझ्यासाठी.

बावीस वर्षांपूर्वी व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई माझं गिऱ्हाईक होत्या. त्यांनी असाच कंदील नेला आणि पंधरा दिवसांनी लिहिलं, दिव्याभोवती रंग दिसतात, काच बदला. मी बदलली. त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा बदलली. तीन वेळा काच बदलली, आणि दर वेळी माझ्या कारागिरीचा मलाच अभिमान वाटत होता. चौथ्या वेळी त्यांचा भाऊ कंदील परत घेऊन आला. म्हणाला, आता तिला याचा उपयोग नाही. काचबिंदू होता. वेळेवर कळलं असतं तर दृष्टी राहिली असती असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाकडून अहवाल लिहून मागतो. लोकांना वाटतं म्हातारा विक्षिप्त आहे.

आणि फोन. मला ऐकू येत नाही, खारूताई. समोर बसलेल्या माणसाच्या ओठांवरून भागतं, फोनवर काहीच नाही. नऊ वर्षं झाली. पहिली दोन-अडीच वर्षं मी कुणालाही कळू दिलं नाही. बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटायची, आणि काच तडकल्याचा आवाज ज्याला येत नाही त्याच्या हातात कोण दिवे देईल अशी भीती. ताई रुग्णालयात होती त्या दुपारी दाजी फोन करत होते. फोन भिंतीवर, माझ्या डोक्यापासून दीड हातावर. मी त्याच्याखाली बसून एक झुंबर जुळवत होतो. संध्याकाळी कुलूपवाल्याने येऊन सांगितलं की तुमचा फोन दुपारपासून कोकलतोय. मी पोचलो तेव्हा ती गेली होती. दाजी म्हणाले, लोकांच्या घरात उजेड पाडायला वेळ आहे, बहिणीकडे बघायला नाही. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आपल्याला दिसत नाही हे दाजी लपवत आहेत. मी ऐकू येत नाही हे लपवलं होतं, म्हणून मला ते तुझ्या पत्रांत ओळखू आलं. त्यांच्यावर रागावू नकोस. आधी डॉक्टरकडे ने.

मामा


११ मार्च

मामा,

फोन आला तेव्हा मी एका सशाची नखं कापत होते. कुलूपवाल्याने पाढे म्हणावेत तशा एका सुरात तुमचा परिच्छेद वाचला आणि शेवटी "खाली अजून बरंच आहे पण मला मनाई आहे" असंही सांगितलं. मी ससा तसाच मालकिणीच्या हातात दिला आणि घरी पळाले.

बाबा पलंगावर होते. माझ्या खिशात दवाखान्यातली टॉर्च होती. रोज तीस-चाळीस डोळ्यांवर मी ती मारते. त्यांच्या डाव्या डोळ्यावर मारली तर म्हणाले, "मी काय कुत्रा आहे?" बाहुली अर्धवट मोठी होऊन थांबलेली. उजेड पडला तरी हलली नाही. कुत्र्याचा डोळा असता तर मी दारातूनच सांगितलं असतं, मामा. हा माणूस दोन महिने माझ्यासमोर जेवतोय.

डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी सांगितलं, डोळ्यात पाणी तयार होतं त्याची बाहेर जायची वाट अरुंद झालीय. मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि ती वाट आणखी दाबली जाते. म्हणजे मी रोज संध्याकाळी हौसेने तो कंदील लावत होते आणि बाबांच्या डोळ्यांवर दाब चढवत होते. हे ऐकल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीतच रडले. त्या म्हणाल्या, आजार कंदिलाने आणला नाही, कंदिलाने दाखवला. मला ते पुरेसं वाटत नाही.

थेंब घातले, गोळ्या दिल्या, मग दोन्ही डोळ्यांत लेसरने एक बारीक छिद्र केलं. उजवा वाचलाय. डाव्यात थोडी कड दिसते, बाकी गेलंय ते परत येणार नाही. आणखी काही आठवडे गेले असते तर उजव्याचंही सांगता येत नव्हतं.

चार दिवस त्यांना वाचायची बंदी होती, म्हणून तुमचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. सगळं. तुम्हाला विचारलं नाही, माफ करा. फोनचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि त्यानंतर तुमच्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही.

बॅग अजून बाहेरच आहे. म्हणतात, आता डोळ्याचं झालं, थेंब मी माझे घालीन, एप्रिलमध्ये जातो. एका डोळ्याने, तिसऱ्या मजल्यावर. मी काय करू?

खारूताई


१७ मार्च

खारूताई,

तू दोन महिने बघितलं नाहीस असं म्हणतेस. तू सगळं बघितलंस. पेला, खांदा, पेन्सिल, रंग, एकही गोष्ट तुझ्या पत्रांतून सुटलेली नाही. अर्थ चुकीचा लावलास, कारण तुला भीती होती ते निघून जातील, आणि तुला त्यांच्या प्रत्येक वागण्यात तेवढंच दिसत होतं. मी लांब होतो म्हणून मला वेगळं दिसलं. एवढ्याने माणूस वाईट मुलगी होत नाही. आणि पंधरा वॅटचा बल्ब लावायला मीच सांगितलं होतं हे विसरू नकोस. तो वाटा माझा आहे, माझ्याकडेच राहू दे.

आता उजेडाचं. एका डोळ्याने बघणाऱ्या माणसाचा अंतराचा अंदाज चुकतो. पायरी किती खाली आहे, पेला किती लांब आहे ते लवकर कळत नाही. तेव्हा कंदील राहू दे, पण त्याच्या जोडीला खोलीत दोन कोपऱ्यांत वर तोंड केलेले दिवे लाव, म्हणजे उजेड छतावरून सारखा पसरेल आणि डोळ्यात घुसणार नाही. दाराच्या चौकटींना गडद रंग दे, भिंत फिकी ठेव. टेबलावर पांढरा पेला असेल तर खाली गडद कापड घाल. जुन्या वस्तूंचा हट्ट इथे सोड.

ते जातात की राहतात हे तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. त्यांना विचार, तिकडे जाऊन काय करणार आहात. मत देऊ नकोस. फक्त विचार आणि ऐक. मला ते जमलं नाही, तुला जमेल.

तुम्ही येता का असं तू पत्राच्या कडेला लिहून खोडलंस. त्यांनी बोलावल्याशिवाय मी येणार नाही. त्यांच्या आजारपणाचा फायदा घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही.

मामा


४ एप्रिल

मेहुणे,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. ओळी चढल्या असतील. मुलीने आखलेला कागद देऊ केला होता, मी घेतला नाही. त्याचं हे फळ.

आधी कामाचं. तुम्ही सांगितलेले कोपऱ्यांतले दिवे लावले. चौकटी गडद निळ्या केल्या, दिसायला भयंकर आहेत. कालच्या पेपरात पहिल्या पानावर तीन चुका सापडल्या. एक डोळा पुरतो.

डावा डोळा जातोय हे मला दीड वर्षांपासून माहीत होतं. पेपरातल्या ओळींची सुरुवात दिसेनाशी झाली. मला वाटलं म्हातारपण आहे, आणि मग वाटलं, आंधळेपण येणार असेल तर येऊ दे, पण कुणाच्या डोक्यावर बसून नको. म्हणून मुलगी न्यायला आली तेव्हा अट घातली. तिला वाटत होतं मला घर आवडत नाही, दिवे आवडत नाहीत. मी तिला तसं वाटू दिलं. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, तिकडे जाऊन काय करणार आहात, आणि विचारून गप्प बसली. ती गप्प बसण्यातली नाही. मी सांगून टाकलं. माझ्या घरात पलंगापासून मोरीपर्यंत चौदा पावलं आहेत, तिथून शेगडीपर्यंत सहा. सगळं हाताला पाठ आहे. उजवा डोळाही गेला असता तरी तिथे बरेच दिवस कुणाला कळलं नसतं. मी त्यासाठी जात होतो.

ती रडली आणि मग दुपारभर मला रागावली. तिची आई रागवायची तशी, भांडी आपटत. ते ऐकताना माझ्या लक्षात आलं की मला हे हवं होतं. मी इथेच राहतोय. तिला तसं सांगितलंय.

आता तुमचं. त्या दुपारी मी सात वेळा फोन केला होता. शेवटच्या दोन वेळा तुमच्या ताईनेच करायला लावला. सातही वेळा मी अशी कल्पना केली की तुम्ही फोनकडे बघताय आणि उचलत नाही. ती कल्पना मी सात वर्षं सांभाळली. तुम्ही सांगायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललो ते खोटं होतं, मी ते मागे घेतो. मुलीने तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला तुमच्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटली.

तुम्ही इकडे या. मी समोर बसून सावकाश बोलेन, ओठ नीट हलवेन. डॉक्टर म्हणतात उजव्या डोळ्याला आता धोका नाही, घाई करायचं कारण नाही. मला घाई आहे. तुमचा चेहरा हुबेहूब तुमच्या ताईसारखा आहे. एवढी वर्षं तो टाळला, त्यात रागाइतकंच हेही कारण होतं. आता तो मला बघायचा आहे.

तुमचा,
दाजी